पाणी पुरे

मी एक जुना लोळणबुवा आहे. हे माझं खरं नाव नव्हे, मित्रांनो. खरं नाव लांबलचक आहे, ते घेताना जीभ दोनदा अडखळते, आणि ज्या घराच्या दारात माझा जन्म गेला तिथल्या दोघांनीही ते कधी पाठ केलं नाही. मी जमिनीला धरून पसरणारं, बारमाही हिरवं झुडूप आहे. उंची म्हणाल तर बसलेल्या मांजराएवढी. पसारा मात्र असा की अख्खं कुटुंब माझ्यावर आडवं होऊ शकेल. माझी पानं बारीक, जाडसर, राखी हिरवी आहेत. थंडी सरता सरता पांढरी फुलं येतात, तेव्हा मधमाश्या माझ्यावर दिवसभर गुणगुणत असतात आणि त्या गुणगुणीत मला छान डुलकी लागते.

झाडं उभी राहतात, वेली चढतात, मी आपला लोळतो. लोळता लोळता जे दिसलं, कानावर पडलं, ते तुम्हाला सांगणार आहे. दुपारी मी पेंगतो. त्यामुळे एखादी गोष्ट थोडी मागेपुढे झाली, तर सांभाळून घ्या.

मी बीपासून जन्मलो नाही. एका रोपवाटिकेच्या उतारावर माझी आई पसरलेली होती आणि मी तिची सर्वांत खालची फांदी होतो. एका सकाळी रोपवाटिकेच्या बाई माझ्यापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी नखाने माझी साल जराशी खरवडली, मला वाकवून मातीत दाबलं, वर तारेचा आकडा ठोकला, माती लोटली आणि तिच्यावर एक दगड ठेवला. फांदी पुरली. याला दाब कलम म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. खाली अंधार होता, गारवा होता, आणि छातीवर दगड होता. पण आईचा हात सुटला नव्हता. तिचा रस माझ्यात येत होता. त्या अंधारात मी किती काळ झोपलो कोण जाणे. मग एक दिवस खरवडलेल्या जागी गुदगुल्या झाल्या, आणि मला स्वतःचं मूळ फुटलं.

"एकदा पुरली की विसरायचं तिला," बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. "सारखं उकरून बघायचं नाही."

बाईंची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. रोपं बांधताना त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असत, म्हणून सुतळीचं टोक त्या दातांत धरत आणि तसंच बोलत. निम्मे शब्द बाहेर येत, निम्मे सुतळीतच अडकत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याची सवय होती. नव्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. पुढे जे काही घडलं, ते सगळं या सुतळीमुळे घडलं.

आमच्याकडे एक दिवस मिस्त्री आले. विणकामाच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. आता ते घरी होते, पण त्यांचे कान निम्मे तिथेच राहिले होते. मागांच्या खडखडाटात तिथे कोणी कोणाचं ऐकूच शकत नसे. सगळे हातांनी बोलत. धागा तुटला की दोन बोटं जवळ आणून फाकवायची. माग बंद करायचा असेल तर तळवा आडवा धरून हळूहळू खाली दाबायचा, मुलाला निजवताना थोपटतात तसा. आणि सगळं ठीक असेल तर मूठ छातीला लावायची आणि मग उघडून दाराकडे करायची. म्हणजे, माझा माग नीट चाललाय, तू जा.

ही शेवटची खूण त्यांच्या लेकीला सर्वांत आधी यायला लागली. तिची आई ती लहान असतानाच गेली. दुपारचा डबा घेऊन ही पोर कारखान्याच्या दारात उभी राहायची. रांगेच्या मधोमध मिस्त्री मान वर करायचे, मूठ छातीला लावायचे, हात दाराकडे करायचे. मग ती डबा ठेवून निघून जायची. इतर मुलं अक्षरं शिकली, तशी ही त्या खुणा शिकली. ती मोठी झाली आणि एका दूरच्या बंदराच्या गावी लिफ्ट दुरुस्त करायला लागली. बापाने आडवे धागे सांभाळले, लेक उभे दोर सांभाळू लागली, असं मिस्त्री सगळ्यांना कौतुकाने सांगत. मग तिला छातीचं दुखणं जडलं, आणि ती हाडांचा सापळा होऊन घरी परत आली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऊन हवं, मोकळी हवा हवी, धूळ मात्र अजिबात नको. आता मिस्त्रींच्या अंगणाचं सांगतो. दारापासून फाटकापर्यंत उघडाबोडका उतार, मुरमाड जमीन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. वाऱ्याची झुळूक आली तरी धुळीचा लोट थेट खिडकीत. त्यांनी हिरवळ लावून पाहिली, ती करपली. फुलझाडं लावली, त्यांच्या काड्या झाल्या. लेक खिडकी उघडून बसली की धूळ, आणि खिडकी लावली की कोंडमारा. ती खोकायची, खोकताना कमरेत वाकायची, आणि मिस्त्रींच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

"ऊन खाऊन जगेल आणि धूळ धरून बसेल असं काहीतरी द्या," ते बाईंना म्हणाले. कमी ऐकू येणाऱ्या माणसांसारखं ते सगळंच मोठ्याने बोलत.

बाईंनी आमच्याकडे बोट दाखवलं. मी आणि माझे दोन भाऊ शेजारी शेजारी कुंड्यांत होतो. "हे न्या," बाई सुतळी चावत म्हणाल्या. "उंच नाही जाणार, पसरेल. खड्डा रुंद खणा, खोल नको. रोप उंचवट्यावर बसवा, बुंध्याशी पाणी साचता कामा नये. पहिलं वर्ष जपा. एकदा भरपूर पाणी घाला, मग माती सुकू द्या, मग पुन्हा घाला. एकदा मुळं धरली ना, की मग..." इथे त्यांनी सुतळीला हिसका दिला, "...पाणी पुरे."

मिस्त्रींनी मान डोलावली. "पुरेपूर," ते म्हणाले. "पाणी पुरेपूर. समजलं."

तोवर बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या. लेक असती तर तिने चूक तिथल्या तिथे पकडली असती. पण आत माती चाळणं चाललं होतं, म्हणून ती बाहेर बाकावर नाकाला रुमाल लावून बसली होती. अशा रीतीने मी, माझे दोन भाऊ आणि एक चुकीचा शब्द मिस्त्रींच्या घरी पोहोचलो.

आमची लावणी बघण्यासारखी होती. मिस्त्रींनी पहारीने मुरूम फोडला, रुंद खड्डे केले, प्रत्येकाला छोट्या उंचवट्यावर बसवलं, आणि मग घरातून पातळी मोजायची पाणसळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. उतारावरच्या झुडपाला पाणसळ! आयुष्यभर माग सरळ बसवलेला माणूस, वाकडं काही सहन होईना. लेक नाकाला रुमाल बांधून पायरीशी खडी पसरत होती, ती इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला. पुढे मी उंच जाईना, तेव्हा त्यांनी मला काठीला बांधलं. मी रोज थोडा थोडा घसरून पुन्हा जमिनीवर.

"अहो बाबा, तो उभा राहणाऱ्यातला नाहीच!" लेक ओरडली. "लोळणारा आहे तो, लोळणबुवा!"

काठी निघाली, नाव राहिलं. पहिलं वर्ष स्वप्नासारखं गेलं. मुळं मुरमात शिरत होती, दगडांच्या फटींत कुठे कुठे जुना ओलावा लपलेला असतो तो शोधत होती. वर मी हातपाय पसरत होतो. जिथे मी पोहोचलो तिथली धूळ निजली. खिडकी रोज थोडी जास्त वेळ उघडी राहू लागली. लेकीचा खोकला आधी दुपारचा थांबला, मग संध्याकाळचा. एक दिवस ती फाटकापर्यंत गेली आणि कठड्याला हात न लावता वर आली. मिस्त्री दारात झारी घेऊन उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

इथेच गोष्ट संपली असती, तर काय हवं होतं?

पण पहिलं वर्ष सरलं, माझी मुळं धरली, आणि मिस्त्रींना बाईंचा शब्द आठवला. पुरेपूर! ते सकाळी उठायचे, आधी लेकीला दूध द्यायचे, काठोकाठ, मग झारीचा कुरकुरता दांडा ऐकू यायचा आणि मला पाणी, तेही काठोकाठ. लेकीने दूध संपवेपर्यंत ते तिच्यासमोरून हलायचे नाहीत. मी पाणी संपवेपर्यंतही हलायचे नाहीत. पण मला ते संपेना.

मित्रांनो, मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणाकणांत बारीक पोकळ्या असतात, त्यांतून आम्ही श्वास घेतो. त्या सगळ्या पाण्याने भरल्या की आम्ही मातीत असूनही बुडतो. मला गुंगी यायला लागली. भर उन्हात मला खोल विहिरीची स्वप्नं पडायची. मी खाली खाली चाललोय, वर मिस्त्रींचा चेहरा आहे, प्रेमाने वाकलेला, आणि वरून पाणी येतच आहे. माझी आतली पानं पिवळी पडली, शेंडे माना टाकू लागले. मिस्त्रींनी एक पिवळं पान चिमटीत धरून पाहिलं. "तहानलाय बिचारा," ते म्हणाले, आणि संध्याकाळचंही पाणी सुरू केलं.

फाटकाजवळचा माझा भाऊ त्यातच गेला. मिस्त्रींनी त्याला उपटलं, तर तो हाताला सहज आला. मुळं काळी झाली होती, त्यांना कुजका वास येत होता. "पाणी कमी पडलं," मिस्त्री हळहळले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आम्हाला पानांशिवाय तोंड नाही, आणि पानं बघून तर त्यांनी उलटाच अर्थ काढला होता.

तिकडे लेक आता ठणठणीत झाली होती. कामावरून तिला फोन आला. परत ये, जागा ठेवली आहे. तिने तसं मिस्त्रींना ओरडून सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे." थोडे दिवस गेले, पुन्हा फोन आला. "जरा हवा बदलू दे," मिस्त्री म्हणाले. हवा बदलली, तेव्हा वारा सुटला होता. वारा पडला, तेव्हा ऊन वाढलं होतं. भर उन्हात तिच्या गळ्याला मफलर असायचा. पायरीवर जरा बसली की मागून शाल यायची. ती नुसती शिंकली तरी दूध तापायला ठेवलं जायचं. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणजे काय, हे मी रोज बघत होतो. फोडाला काय वाटतं, हे मात्र फक्त मला कळत होतं.

तुम्ही विचाराल, मग ती वडिलांना स्पष्ट का सांगत नव्हती? मित्रांनो, त्या घरात सगळं ओरडून बोलावं लागे. चहा हवा का, दार लावलं का, हे ओरडून सांगता येतं. पण काही गोष्टी हळूच सांगायच्या असतात. मला तुमच्यापासून लांब जायचंय, हे वाक्य पंचक्रोशीला ऐकू जाईल असं कसं म्हणणार? म्हणून ती दुपारी माझ्यापाशी येऊन बसायची आणि मला सांगायची.

"लिफ्टच्या टपावर उभं राहून वर जाताना ना, लोळणबुवा, सगळीकडे अंधार असतो," ती पुटपुटायची. "फक्त दोर दिसतात, तेलाने चमकणारे. एकेक मजल्याची फट येते, उजेडाची एक रेघ डोळ्यांवरून जाते. मला ते परत हवंय रे. इथे मी खुर्चीत बसल्या बसल्या मुरंबा होणार आहे."

मी अर्धवट गुंगीत ते ऐकायचो. मला त्या उजेडाच्या रेघा स्वप्नात दिसायच्या.

आणि संध्याकाळी, झारी रिकामी झाली की, मिस्त्रीही माझ्याशी बोलायचे. त्यांना वाटायचं, आपण कुजबुजतोय. त्यांची कुजबुज समोरच्या शिवणवाल्या काकूंच्या दुकानापर्यंत स्वच्छ ऐकू जायची. काकू तेवढ्यापुरतं मशीन थांबवायच्या, ऐकायच्या, आणि पुन्हा पाय चालवायच्या. त्या कधी कोणाला काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"तिचा खोकला मला ऐकू यायचा नाही," मिस्त्री एका संध्याकाळी म्हणाले. "पण फरशीतून पायाला कळायचा. माग चालू असला की कळतं ना, तसा. आता तो थांबला. चांगलं झालं, देवासारखं झालं. पण घर बंद पडल्यासारखं वाटतं रे. तिची काळजी घ्यायची राहिली नाही, तर मी उठायचं कशासाठी?"

समोरचं मशीन थांबलं ते बराच वेळ सुरू झालं नाही. मी वर पाहिलं. खिडकीत लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर फोन केला आणि सांगितलं, मी येत नाही, दुसरं माणूस बघा. मग ती आत गेली, मफलर स्वतःहून गळ्याला गुंडाळला, आणि दुधाचा पेला संपवला. मिस्त्री इतके खूश झाले की त्यांनी मला दुपारचंही पाणी घातलं.

त्यानंतरचं मला नीटसं आठवत नाही. माझी एक बाजू वाळली. दुसरी पिवळी पडली. पुन्हा कुठेतरी धुळीचा छोटा लोट उठला, आणि लेक एकदा खोकली. तेवढ्या एका खोकल्याने मिस्त्री हादरले. त्यांनी माझी एक डहाळी तोडली. "बाईंना दाखवू," ते म्हणाले, आणि दोघं रोपवाटिकेत गेले. ती डहाळी माझीच होती, म्हणून मीही गेलो. तुम्ही मानू नका हवं तर.

बाईंनी डहाळी वाकवली, तुटक्या टोकाचा वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दातांत सुतळी होतीच. "पाणी किती घालता?"

लेकीने बाबांना ओरडून प्रश्न सांगितला. मिस्त्रींची छाती फुगली. "पुरेपूर! तुम्ही सांगितलं तसं. सकाळी, संध्याकाळी. कधी कधी दुपारीही."

बाईंच्या तोंडातून सुतळी गळून पडली. "अहो, मी पुरे म्हणाले होते! पाणी पुरे! म्हणजे बस करा, थांबा! ह्याला कोरडी माती लागते. तुम्ही तर ह्याला बुडवलंत!"

"हो, हो," मिस्त्री समाधानाने म्हणाले. "पुरेपूर."

लेकीला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. तिचा चेहरा बदलला. ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी डोळ्यांसमोर. तिने तळवा आडवा धरला आणि हळूहळू खाली दाबला.

माग बंद कर.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं समाधान विरत गेलं. ही खूण चुकीची ऐकू येणं शक्यच नव्हतं. "बंद?" त्यांनी विचारलं. "पाणी बंद? म्हणजे मीच त्याला..." त्यांनी माझ्या डहाळीकडे पाहिलं, आणि त्यांना माझा काळी मुळं झालेला भाऊ आठवला असावा. बाई खाली वाकून उगाचच सुतळी शोधत राहिल्या.

लेकीचा हात तसाच होता. तिने तो खाली घेतला नव्हता. मिस्त्रींनी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या मफलरकडे, मग तिच्या डोळ्यांकडे.

"तू फक्त पाण्याचं म्हणतेयस ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला.

तिने मान हलवली. नाही.

दोघं घरी परतले. आल्या आल्या मिस्त्रींनी कुदळ घेतली. माझ्या बुंध्याभोवतीची ओली माती बाजूला ओढली, पाणी निघून जावं म्हणून उतारावर चर काढला, वाळलेल्या फांद्या छाटल्या, कोरडी खडी पसरली. एवढं काम असताना त्यांचं ठीक चाललं. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होती. झारीचा दांडा कुरकुरला. ते माझ्यापर्यंत आले, पायरीवर बसले, आणि रिकामी झारी मांडीवर घेऊन बसून राहिले. रोज यायचे आणि तसेच बसायचे. हात आखडता घेणं हे कंजूष माणसाला सोपं असतं. मिस्त्रींसारख्याला ते पहार चालवण्याहून जड जातं.

मी जगेन की नाही, मला ठाऊक नव्हतं. खालची माती फार सावकाश सुकत होती. पोकळ्यांतून थोडी थोडी हवा येत होती आणि माझी उरलीसुरली मुळं तिला हुंगत होती. वरून मात्र मी आधीपेक्षा भयाण दिसत होतो. एका दुपारी माझे शेंडे पार कोमेजले. तेव्हा मिस्त्रींना राहवलं नाही. ते काठोकाठ भरलेली झारी घेऊन आले. लेक खिडकीत होती. तिने ओरडून थांबवलं नाही, खूण केली नाही, नुसती बघत राहिली. मिस्त्री माझ्यावर वाकले. झारीचं तोंड माझ्या बुंध्यापाशी आलं. मला माझ्या भावाची आठवण झाली आणि मी मनात डोळे मिटले.

पाणी पडल्याचा आवाज आला, पण माझ्यावर नाही. मिस्त्रींनी सगळी झारी स्वतःच्या पायांवर ओतली होती. ओल्या पावलांनी ते घरात निघून गेले.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी, जुन्या फांदीच्या कोनात, मला खाजल्यासारखं झालं. हिरवा ठिपका आला. मिस्त्रींनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, आणि पुन्हा लावून पाहिला.

"ठमे!" ते लेकीला लाडक्या नावाने हाक मारत गरजले. "ठमे, फुटला! लोळणबुवा फुटला!"

त्या संध्याकाळी ते माझ्यापाशी बसले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "उद्या तिला सांगतो. म्हणावं, कर फोन कामावर. जागा गेली असेल तर दुसरी बघ. आज धीर होत नाही, उद्या सांगतो."

"ऐकलं, बाबा!" खिडकीतून हाक आली.

"मीही ऐकलं!" समोरून शिवणवाल्या काकू ओरडल्या, कारण एवढे दिवस गप्प राहून त्यांचाही जीव टांगणीला लागला होता.

जागा गेली नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीने माझी एक खालची फांदी निवडली. साल खरवडली, फांदी मातीत दाबली, लिफ्टच्या दोरातल्या तारेचा आकडा करून ठोकला, वर दगड ठेवला. "पुरली," ती मोठ्याने म्हणाली, आणि मिस्त्रींकडे बोट रोखलं. "आता विसरायचं. उकरून बघायचं नाही!" मिस्त्रींनी गंभीरपणे मान डोलावली. पुढे त्यांनी एकदा दगड जरासा सरकवून पाहिलाच, पण मी कोणाला सांगितलं नाही.

सकाळी ती पिशवी खांद्याला लावून उतारावरून खाली गेली. मफलर खुंटीला होता. फाटकाशी जाऊन ती वळली, आणि तिचा पाय निघेना. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं. ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि हळू सांगितलं तर पोहोचणार नव्हतं. ती तशीच उभी राहिली, लहानपणी डबा घेऊन उभी राहायची तशी.

मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मूठ छातीला लावली. मग ती उघडली आणि हात फाटकाकडे केला.

माझा माग नीट चाललाय. तू जा.

ती गेली. ती वळणाआड होईपर्यंत त्यांचा हात हवेत तसाच होता. मग ते पायरीवर बसले आणि त्या दिवशी बराच वेळ उठले नाहीत.

या गोष्टीला आता फार दिवस झाले, मित्रांनो. पुरलेल्या फांदीला मूळ फुटलं. लेक आली आणि ते रोप घेऊन गेली. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीबाहेर, ते आता एका लाकडी खोक्यात लोळतं. तिथे दिवसभर ऊन असतं आणि पाणी घालायला फारसं कोणी येत नाही. मला ते झोपेत दिसतं, त्याच्याखालून दोर वर जातात, खाली येतात. मी इथे पायऱ्यांपासून फाटकापर्यंत पसरलो आहे. मरून गेलेल्या भावाची जागाही मीच भरून काढली, आणि माझ्यासारखाच वाचलेला दुसरा भाऊ खिडकीखाली लोळतो. माझा मधला भाग आता लाकडासारखा टणक झाला आहे, तिथे कात्री लावू नका, तिथून मी पुन्हा फुटत नाही. बाकी मला काही नको.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी झुडपं तुमच्याकडे नेहमी मागतात की आम्हाला पाणी घाला, आम्हाला जपा. मीही मागतो. कोवळ्या रोपाला पहिलं वर्ष खरंच जपा, त्यात कसूर करू नका. पण मग कधीतरी मातीत बोट घालून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा आणि नुसते शेजारी बसा. ते फार कठीण असतं, मी पाहिलं आहे. तरी बसा.

मिस्त्रींना आता काहीच ऐकू येत नाही. लेक अधूनमधून येते. आली की घर दणाणून सोडते, मग दोन दिवसांत तिच्या लिफ्टा तिला बोलावतात. आज सकाळीच ती गेली. फाटकाशी वळली, मिस्त्रींनी मूठ छातीला लावली, हात उघडला, ती हसली आणि गेली. मग मिस्त्री माझ्यापाशी आले. झारी नव्हती. ते पायरीवर टेकले आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात माझ्या फांद्यांत खोल घातला. समोर काकूंनी मशीन थांबवलं.

"दोन दिवस होती," मिस्त्री कुजबुजले, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "पुरलं रे. मला पुरलं."